गोरा साहेब, मराठी दिवाण आणि पंखा ओढणारा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

‘वसाहतवाद आणि साहित्य’ हा विषय आता विद्यापीठांच्या अभ्यासक्रमांत आहे, वाचनालयांच्या व्याख्यानमालांत आहे, शाळेच्या प्रकल्पवह्यांतही शिरला आहे. इंदुरातही तो होतो, पण ठरलेल्या साच्यात होतो. एक इंग्रजी कादंबरी, एक आफ्रिकी कादंबरी, दोन्हींचे कथानक, जुलमी गोरा, सोसणारा काळा, अध्यक्षीय समारोप, चहा. यात खोटे काही नाही. मात्र माळव्यात बसून वाचणाऱ्या मराठी माणसाला यातून स्वतःचा पत्ता सापडत नाही. तो कसा सापडेल, कोणती पाने काढावीत, कशाशेजारी काय ठेवावे आणि कुठे पाय घसरतो, तेवढेच या पत्रात मांडतो आहोत.

आधी शब्दच बघा. इंदुरात ‘कॉलनी’ म्हटले की नळाची वेळ आणि रहिवासी संघाची वर्गणी आठवते, आणि ‘वसाहत’ हा शब्दही आपल्याकडे त्याच अंगाने वापरला जातो. शिवाय होळकरांचे राज्य ही नेमक्या अर्थाने इंग्रजांची वसाहत नव्हतीच. २१ डिसेंबर १८१७ रोजी महिदपूरची लढाई हरल्यावर ६ जानेवारी १८१८ रोजी मंदसोरचा तह झाला आणि राज्य मांडलिक झाले. महूला छावणी आली, इंदुरात रेसिडेन्सी, म्हणजे दरबारावर नजर ठेवणाऱ्या इंग्रज प्रतिनिधीचे ठाणे, आली, १८५४पासून मध्य भारत एजन्सीचे ठाणेही इथेच झाले. राजवाड्यावरचा झेंडा होळकरांचा, पण गादीवर कोण बसणार यातला शेवटचा शब्द रेसिडेन्सीचा. आणि खुद्द आपण मराठी माणसे माळव्यात आलो ती अठराव्या शतकात, चौथाई वसूल करणाऱ्या फौजांच्या मागोमाग. माळवी शेतकऱ्याला किंवा विंध्यातल्या भिल्लाला आपणही बाहेरचेच. म्हणजे इमारत तीन मजली होती: वर रेसिडेन्सी, मध्ये दरबार आणि त्याचे मराठी कारकून-दिवाण, खाली रयत. बाहेरच्या विद्यापीठांतून आलेले बहुतेक सिद्धान्त दोनच मजले मोजतात. आमचे म्हणणे असे की या विषयाचा खरा ताण मधल्या मजल्यावर ऐकू येतो, आणि तो ऐकायचा तर कथानकाच्या सारांशाने भागत नाही. कोण कोणाला काय म्हणून हाक मारतो आणि तो मजकूर मागाहून कोणाच्या हातून गेला, हे पानापानावर बघावे लागते.

मराठीला या बाबतीत उशीर झालेला नाही. १७१५च्या आज्ञापत्रात रामचंद्रपंत अमात्यांनी फिरंगी, इंग्रज, वलंदेज, फरांसीस यांना ‘टोपीकर’ या एका नावाखाली घेऊन बजावले आहे की हे इतर सावकारांसारखे सावकार नव्हेत, यांच्या मागे यांचे राजे आहेत. पुढे सव्वाशे-दीडशे वर्षांत ‘टोपीकर’चा ‘साहेब’ झाला. ‘साहेब’ हा शब्द गोऱ्यांनी आणलेला नव्हे, तो आपल्या दरबारातला. झाशीची राणीदेखील ‘बाईसाहेब’च. तोच शब्द गोऱ्याला केव्हापासून, कोणाच्या तोंडून आणि कोणत्या सुरात लागू लागला, हे जुन्या मजकुरात शोधणे हा अभ्यासाचा उत्तम पहिला तास होऊ शकतो.

मुख्य पुस्तक म्हणून आम्ही विष्णुभट गोडसे यांचा ‘माझा प्रवास’ सुचवू. पेणजवळच्या वरसईचा हा भिक्षुक, ग्वाल्हेरच्या बायजाबाई शिंदे मोठा यज्ञ करणार आणि भरपूर दक्षिणा मिळणार, हे ऐकून १८५७ साली उत्तरेकडे निघाला. महूच्या परिसरात शिपायांकडून काडतुसांची हकीकत त्याच्या कानावर आली, आणि पुढे सर ह्यू रोजच्या फौजेने झाशी घेतली तेव्हा तो शहरातच होता. इंदूरकरांना यातला निम्मा नकाशा पायाखालचा आहे. पण याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे या पुस्तकाचे दोन मजकूर उपलब्ध आहेत. चिंतामण विनायक वैद्यांच्या आग्रहावरून गोडसे भटजींनी १८८०च्या दशकात हकीकत लिहून काढली. सरकारच्या धास्तीने ती त्यांच्या हयातीत छापली गेली नाही. १९०७मध्ये वैद्यांनी ती प्रसिद्ध केली ती भाषा घासूनपुसून आणि मजकुरात काटछाट करून. मूळ हस्तलिखितावरून जशीच्या तशी आवृत्ती दत्तो वामन पोतदारांनी काढली ती १९६६ साली. म्हणजे परक्या सत्तेचा दाब मजकुरावर कसा पडतो, हे सांगण्यासाठी सिद्धान्ताची गरजच नाही. दोन पुस्तके शेजारी ठेवली की दाब डोळ्यांना दिसतो.

ती शेजारी ठेवायची रीत अशी. दहा-बारा जणांहून मोठे मंडळ करू नये. एकाने वैद्यांची प्रत मोठ्याने वाचावी, दुसऱ्याने पोतदारांच्या प्रतीवर बोट ठेवून मनात चालावे आणि शब्द जुळेनासा झाला की टेबलावर टिचकी मारावी. छापखान्यात मुद्रिते तपासताना असाच पडताळा घेत. तिसऱ्याने वहीत चार रकाने आखावेत: पान, कोण बोलतो, कोणाविषयी किंवा कोणाला, आणि नेमका शब्द. शब्द गाळला असेल तर तांबड्या पेन्सिलीने, बदलला असेल तर निळ्या, वाक्यांचा क्रम हलला असेल तर फक्त समासात बाण. दीड तासाच्या बैठकीत या गतीने सहा-सात पानांपलीकडे जाता येत नाही आणि जाऊही नये. सबंध पुस्तक धरू नका. महूजवळचा भाग आणि झाशीचा पाडाव, एवढे दोनच तुकडे चार बैठकांना पुरतात. झेरॉक्स काढताना दोन्ही मजकूर एकाच कागदावर डाव्या-उजव्या बाजूला बसवून घ्यावेत, नाहीतर निम्मा वेळ पाने शोधण्यात जातो.

इथे तीन चुका हमखास होतात. पहिली, काटछाट दिसली की वैद्यांना भित्रे ठरवून मोकळे होणे. १९०७ साली राजद्रोहाचे कलम पुस्तकात नव्हते, लोकांच्या मानेवर होते. त्यांनी हस्तलिखित फाडून टाकले नाही, मागे ठेवले, म्हणून तर आज पडताळा घेता येतो. शिवाय प्रत्येक बदल भीतीपोटीच झाला असेही नाही, काही बदल निव्वळ प्रमाण मराठीच्या हौसेने झालेले आहेत. तांबड्या-निळ्याचा खटाटोप हे दोन वेगळे काढण्यासाठीच. दुसरी चूक, गोडसे भटजींमध्ये देशभक्त शोधणे. तो गृहस्थ दक्षिणा मिळवायला निघाला होता. गोऱ्या शिपायाची आणि वाटमाऱ्याची त्याला सारखीच धास्ती. आईवडिलांसाठी गंगेची कावड सुखरूप घरी पोचवणे हा त्याच्या दृष्टीने प्रवासाचा अर्थ होता. वाचक इथे नाराज होतात. त्यांना नाराज होऊ द्यावे, कारण नंतर सुचलेला अर्थ मागे नेऊन चिकटवण्याची खोड इथेच उघडी पडते. तिसरी चूक नावाची. वैद्यांच्या आवृत्तीच्या शीर्षकात ‘बंड’ आहे. अमृतलाल नागरांनी हिंदी अनुवाद केला तेव्हा तो ‘गदर’ झाला. सावरकरांनी त्याच घटनेला ‘स्वातंत्र्यसमर’ म्हटले आणि त्यांचे पुस्तक सरकारने छापून बाहेर पडण्याआधीच बंद केले. तीन नावे, घटना एकच. इंदूरच्या वाचकाला मराठी आणि हिंदी दोन्ही येत असल्याने या तीन शब्दांतला उतार-चढाव त्याच्याइतका चांगला कोणाला कळणार? तरी चर्चेत एक जण ‘बंड’ म्हणतो, दुसरा चिडून दुरुस्त करतो आणि तास संपतो. दुरुस्त न करता, त्या त्या लेखकाने तो शब्द का घेतला, एवढेच विचारावे.

राणीचा विषय निघालाच आहे तर दोन कविता शेजारी ठेवा. भास्कर रामचंद्र तांबे पुढे ग्वाल्हेरचे राजकवी झाले. झाशीच्या राणीवरच्या त्यांच्या कवितेत ते हिंदबांधवाला ग्वाल्हेरला राणी पडली त्या जागी थांबायला सांगतात. तिथे गोऱ्यांची कोंडी आहे, इंग्रजी लष्कर आहे, राणीच्या माहेरच्या तांबे कुळाचाही उल्लेख आहे. शिंदे नाहीत. सुभद्राकुमारी चौहानांची हिंदी कविता मात्र सरळ सांगते की इंग्रजांचा मित्र असलेल्या शिंद्यांनी राजधानी सोडली. आपली मुले ही हिंदी कविता शाळेत घोकतात आणि मराठी कविता घरी ऐकतात, पण दोन्हींतला हा फरक त्यांना कोणी दाखवत नाही. जून १८५८मध्ये जयाजीराव आग्र्याला गेले आणि इंग्रजांनी त्यांना परत आणून बसवले, हे जगजाहीर आहे. मराठी कवितेतले मौन म्हणजे अप्रामाणिकपणा, असे आमचे म्हणणे नाही. मधल्या मजल्यावरचा माणूस कुठे बोलतो आणि कुठे गप्प बसतो, त्याचा हा सरळ नमुना आहे. जाता जाता, राणीचे दत्तक पुत्र दामोदरराव इंग्रजांच्या पेन्शनवर इंदुरातच राहिले आणि १९०६ साली इथेच वारले. राणीच्या कवितेवर टाळ्या पडतात त्या शहरात हे नाव क्वचितच निघते.

आता इंग्रजी बाजू. ई. एम. फॉर्स्टरची ‘अ पॅसेज टू इंडिया’ (१९२४) ही कादंबरी सगळेच लावतात, आणि सगळेच ती खटल्यापाशी, म्हणजे गुहेत एका इंग्रज तरुणीवर हात टाकल्याच्या आरोपावरून डॉ. अझीझवर खटला चालतो त्या चोविसाव्या प्रकरणापाशी, संपवतात. पुस्तकाची प्रकरणे सदतीस. मशीद, गुहा, देऊळ असे तीन भाग. शेवटचा भाग तेहतीस ते सदतीस, अवघी पाच प्रकरणे, आणि मराठी वाचकाने सुरुवात तिथूनच करावी असा आमचा आग्रह आहे. कारण हा भाग देवासातून आलेला आहे. फॉर्स्टर १९१२च्या डिसेंबरात पहिल्यांदा देवासला आला, आणि १९२१मध्ये थोरल्या पातीचे तुकोजीराव पवार यांचा खासगी चिटणीस म्हणून सहाएक महिने राहिला. येताना कादंबरीची सुरुवातीची प्रकरणे बरोबर होती, पुढे लिहायचा बेत होता. पण ज्या देशाचे वर्णन करायचे तो देश समोर आल्यावर ती पाने कोमेजली, असे त्यानेच ‘द हिल ऑफ देवी’त (१९५३) नोंदवले आहे. ती टेकडी म्हणजे चामुंडा-तुळजाभवानीची आपली देवासची टेकडी, इथून तासाभराच्या अंतरावर. देवासची गोकुळाष्टमी पुढे कादंबरीतल्या माऊ संस्थानात गेली. तेहतिसाव्या प्रकरणात कृष्णजन्माच्या गर्दीत भजन चालते ते तुकारामाचे. इंग्रज वाचकाला हे नाव म्हणजे एक गूढ ध्वनी, मराठी वाचकाला घरचा माणूस. ‘पूर्वेचे गूढ’ म्हणून जे जगभर शिकवले जाते ते आपल्याला गूढ वाटत नाही. किंबहुना कृष्णाच्या पाळण्यासमोर तुकोबा कसा आला, हेही आपल्याला समजावून सांगावे लागत नाही. हा फायदा आपण वापरतच नाही.

त्याच भजनात प्रोफेसर गोडबोले आहेत. गोरा वर्ण, करडे-निळे डोळे आणि हे आडनाव: कोणत्याही मराठी वाचकाला माणूस कोकणस्थ असावा हे कळायला वेळ लागत नाही. आडनावातली कोटी फॉर्स्टरला कळली होती की नाही कोण जाणे. सातव्या प्रकरणातल्या चहाच्या बैठकीत गोडबोले सगळ्यांपासून थोडे दूर बसतात, मागच्या बुटक्या टेबलाकडे हात नेऊन जणू योगायोगानेच खाणे हाती लागल्यासारखे खातात. सोवळे न मोडता साहेबाच्या घरी पाहुणा व्हायचे, ही कसरत आपल्या आजोबा-पणजोबांच्या पिढीला ठाऊक होती. एकोणिसाव्या प्रकरणात तर कमाल आहे. अझीझवर खटला उभा राहिला आहे, त्याचा मित्र, कॉलेजचा इंग्रज प्राचार्य फील्डिंग कासावीस आहे, आणि गोडबोले त्याला विचारतात की मध्य भारतात आपण जे हायस्कूल काढणार त्याला फील्डिंगचे नाव द्यावे का, नाहीतर पाचव्या जॉर्जचे. वर्गात हसे पिकते आणि पुढचे पान उलटले जाते. तिथेच थांबायला हवे. पाचव्या जॉर्जचे नाव देऊन, इंग्रजी धर्तीवर पण स्वतःच्या हाताखाली शाळा चालवायची, हा मधल्या मजल्याचा हिशेब होता, आणि तो भाबडा नव्हता. इंदुरात किंग एडवर्ड हॉल १९०४ साली उभा राहिला आणि १९४८ साली त्याचा गांधी हॉल झाला. इमारत, घड्याळ, कमानी तशाच. कादंबरीच्या शेवटच्या भागात गोडबोले माऊचे शिक्षणमंत्री झालेले असतात आणि शाळेचे काय झाले याचा फारसा उत्साह राहिलेला नसतो. हा मराठी अंमलदार इंग्रजी कादंबरीतल्या ‘हिंदू गूढवाद्या’च्या कपाटात घालून ठेवला गेला आहे. त्याला तिथून काढून दरबारी माणूस म्हणून वाचणे हे काम इंदूर-देवासच्या वाचकानेच करायचे आहे.

खटल्याचे प्रकरण वाचायचेच तर साहेब आणि वकील सोडून पंखा ओढणाऱ्याकडे बघा. तो मागच्या बाजूला, मधल्या वाटेत उंचावर बसलेला आहे, जातीने तळाचा, दिसायला देखणा, आणि कोर्टात काय चालले आहे याची त्याला गंधवार्ता नाही. सगळे निघून गेल्यावरही तो दोरी ओढत राहतो. तिसरा मजला फॉर्स्टरला दिसला हे त्याचे श्रेय, पण त्याला तोंड मात्र त्याने दिले नाही. कोर्टाच्या प्रसंगाला खरा जोड हवा असेल तर तो बडोद्यात आहे. मल्हारराव गायकवाडांनी रेसिडेंट फेअर याच्या सरबतात विष घालवल्याच्या आरोपावर १८७५ साली सहा जणांचे कमिशन बसले, तीन इंग्रज आणि तीन हिंदी, हिंदींमध्ये जयाजीराव शिंदे आणि सर दिनकरराव. मते तीन विरुद्ध तीन पडली. मल्हाररावांना गादीवरून काढले ते मग विषाच्या नव्हे, गैरकारभाराच्या नावाखाली. फॉर्स्टरच्या कोर्टात निदान आरोप मागे घेतला जातो.

किपलिंगला लोक एकतर टाळतात किंवा शिव्या घालतात. त्याची १८८८ सालची ‘द मॅन हू वुड बी किंग’ ही कथा अजमेरहून महूकडे येणाऱ्या गाडीच्या डब्यात सुरू होते, एवढ्या एका गोष्टीसाठी तरी ती इथे वाचली पाहिजे. पहिल्या काही पानांतच निवेदक संस्थानांना पृथ्वीवरच्या अंधाऱ्या जागा म्हणतो, ज्यांना एका अंगाने रेल्वे आणि तार भिडली आहे. आता ही रेल्वे कोणाची? खंडवा-इंदूर फाट्यासाठी, ज्यावर महू स्टेशन आहे, दुसऱ्या तुकोजीराव होळकरांनी इंग्रज सरकारला एक कोट रुपये कर्जाऊ दिले होते, १०१ वर्षांच्या मुदतीने, साडेचार टक्के व्याजाने. अंधाऱ्या जागेने उजेडाला पैसे पुरवले. वर्गात हा तपशील सांगितला की उपरोध वेगळा समजावून सांगावा लागत नाही. फक्त एक पथ्य: निवेदक म्हणजे किपलिंग असे धरून चालू नये. हा निवेदक वर्तमानपत्रवाला आहे, आणि संस्थानिकांना धमकावून पैसे उकळणारे भामटे गोरेच आहेत हे कथेतच आहे. लेखक आणि निवेदक यांची गल्लत हा या विषयातला सर्वांत मोठा खड्डा आहे. तो फॉर्स्टरमध्येही आहे, गोडसे भटजींमध्ये अर्थातच नाही.

यानंतर फुले वाचले नाहीत तर वरचा सगळा खटाटोप लंगडा राहतो, कारण फुले मजल्यांचा क्रमच उलटा मोजतात. ‘गुलामगिरी’ (१८७३) अमेरिकेतल्या गुलामांना मुक्त करणाऱ्या लोकांना अर्पण केलेली आहे. तिच्यात बाहेरून येऊन बळीचे राज्य लुटणारे आर्यभट, म्हणजे ब्राह्मण, आहेत आणि अवतारकथा म्हणजे त्यांच्या स्वाऱ्या. इंग्रज या हिशेबात नंतर आलेला, तात्पुरता का होईना, सोडवणारा. पण ‘शेतकऱ्याचा असूड’ वाचताना, ज्याचा काही भाग फुल्यांनी बडोद्यात सयाजीरावांना वाचून दाखवला होता, तोच गोरा अधिकारी आळशी आणि भट कामगाराच्या (फुल्यांच्या भाषेत कामगार म्हणजे सरकारी अंमलदार) डोळ्यांनी बघणारा दिसतो. त्याआधी १८५५ मध्ये मुक्ता साळवे या मुलीने ‘ज्ञानोदया’तल्या निबंधात पेशवाईपेक्षा इंग्रजी अंमल बरा, असे आपल्या जातीच्या अनुभवावरून लिहिले आहे. हे पाठ लावले की मंडळात दोन तट पडतात: एक तट फुल्यांना इंग्रजधार्जिणे म्हणतो, दुसरा त्यांच्या इंग्रजांवरच्या टीकेकडे काणाडोळा करतो. उपाय साधा आहे. ‘असूड’मधली गोऱ्या कामगारांवरची चार-पाच पाने आणि ‘गुलामगिरी’ची अर्पणपत्रिका एकाच बैठकीत वाचावी, मध्ये आठवडा जाऊ देऊ नये. आठवडा गेला की लोक एक बाजू घेऊनच परत येतात.

नाटकांत खाडिलकरांचे ‘कीचकवध’ (१९०७) पुरे. कर्झनशाहीचे हे रूपक १८७६च्या नाट्यप्रयोग कायद्याखाली १९१०मध्ये बंद झाले. त्याच वर्षी इंग्रज पत्रकार व्हॅलेंटाइन चिरोलने ‘इंडियन अनरेस्ट’मध्ये सैरंध्री म्हणजे हिंदभूमी, भीम जहाल, धर्म मवाळ असा उलगडा इंग्रज वाचकांना करून दिला. आजचे हौशी संघ नाटक बसवताना कीचकाला हॅट घालतात. ती घालू नये. हॅट घातली की रूपक मरते आणि नुसती नक्कल उरते. १९०७च्या प्रेक्षकाला अर्थ कळला तो किरीट-कुंडलातूनच, आणि कायद्याला अडचण झाली तीही त्यामुळेच.

तिसऱ्या मजल्याचे काय? सर जॉन माल्कमचे मध्य भारतावरचे दोन खंड १८२३ साली निघाले. त्यातली अहिल्याबाईंची स्तुती आपण आजही अभिमानाने सांगतो, आणि ती खरीच सुंदर आहे. पण ज्या पुस्तकात ती आहे त्यात नंतरच्या होळकरांची अनागोंदी आणि भिल्लांची लूटमार ही तिची चौकट आहे, आणि चौकटीचे काम इंग्रजी बंदोबस्ताची गरज पटवणे हे आहे. स्तुती कापून घेतली की हे दिसत नाही. म्हणून निदान मागचीपुढची पाने जोडून वाचावीत. इथे नायजेरियाच्या चिनुआ अचेबेंची १९५८ची ‘थिंग्ज फॉल अपार्ट’ मदतीला येते, आणि तिचे शेवटचे पान पुरते: ज्याच्यावर सबंध कादंबरी उभी आहे त्या ओकोन्क्वोला जिल्ह्याचा गोरा अधिकारी आपल्या नियोजित ग्रंथात एक बरासा परिच्छेद द्यायचे ठरवतो. ते पान वाचून लगेच इंग्रज अधिकारी लुआर्डचे १९०८चे इंदूर संस्थान गॅझेटियर उघडावे आणि भिल्लांवरच्या ओळी मोजाव्यात. मग पाताळपाणीचा तंट्या भिल्ल घ्यावा. ४ डिसेंबर १८८९ रोजी जबलपुरात त्याला फाशी झाली. सरकारी कागदांत तो दरोडेखोर, निमाड-माळव्याच्या गाण्यांत मामा. गाणी उतरवून घेताना गायकाचा शब्द आधी, जसाच्या तसा, देवनागरीत. अर्थ खाली वेगळ्या शाईने. ‘मामा’च्या जागी ‘क्रांतिवीर’ लिहिण्याचा मोह शिक्षकांनाच जास्त होतो. तसे केले की गोऱ्या अधिकाऱ्याचा परिच्छेद जाऊन आपला परिच्छेद येतो, गाणे पुन्हा बाहेरच राहते.

शेवटी अनुवादाविषयी, कारण इंदुरात मराठी-हिंदी-इंग्रजी अशा तिहेरी वाचनाची सोय आहे आणि उतारे मराठीत करून आणण्याची कामे मुलांना दिली जातात. इंग्रजीत ‘यू’ एकच. मराठीत तू, तुम्ही, आपण. हिंदीतही तसेच तीन. म्हणजे जो ताण इंग्रजीत सुरात दडलेला असतो तो मराठीत सर्वनामात उघडा करावाच लागतो, पळवाट नाही. नवखे अनुवादक दोन गोष्टी करतात. एक, सगळ्या साहेबांना ‘तुम जाएगा’ छापाची चित्रपटातली बोली देतात. मग साहेब विनोदी होतो आणि त्याची सत्ता नाहीशी होते. हुकूम सोडणारा माणूस खरे तर फार कमी आणि नीट शब्दांत बोलतो. दोन, सगळ्या साहेबांच्या तोंडी एकजात ‘तू’ घालतात. मग फॉर्स्टरचा मॅजिस्ट्रेट रॉनी आणि फील्डिंग यांत फरकच उरत नाही. आम्ही सुचवू ते असे: अनुवादाला हात घालण्याआधी पात्रांची जोडवार यादी करावी, प्रत्येक जोडीपुढे सर्वनाम लिहावे, आणि ते कोणत्या प्रकरणात बदलते तेही लिहावे. अझीझ आणि फील्डिंग पहिल्या भेटीत ‘आपण’वर असतील, चहानंतर ‘तुम्ही’वर येतील, अझीझ मृत बायकोचा फोटो दाखवतो तिथे ‘तू’वर. रॉनी अझीझशी बोलण्याचेच टाळतो, तेव्हा तिथे सर्वनामच गाळून क्रियापद मोघम ठेवता येते. मराठीत ही सोय आहे आणि अपमान त्यातून चांगला उतरतो. गोडबोले मात्र सगळ्यांशी ‘आपण’च बोलतील, अगदी भजनात त्यांना आठवणाऱ्या गांधीलमाशीशीही.

खरी अडचण सदतिसाव्या प्रकरणात येते. माऊच्या रानात अझीझ आणि फील्डिंग घोड्यांवर आहेत, भांडत आहेत, मिठी मारायला जवळ येत आहेत, आणि घोडे बाजूला होतात. तिथे फील्डिंगच्या तोंडी काय घालावे यावर दोन मते आहेत. ‘तुम्ही’वर परत आणले की दुरावा स्पष्ट होतो, असे एक. आमचे मत उलटे आहे. शेवटच्या वाक्यापर्यंत दोघांनीही ‘तू’ म्हणावे. त्यांना वेगळे करणारे घोडे आहेत, वाटेतले खडक आहेत, देऊळ, तुरुंग आणि गेस्ट हाउस आहे. सर्वनामाने आधीच माघार घेतली तर त्या सगळ्यांना करण्यासारखे काही उरत नाही.

आपले,
मराठी साहित्याचे काही वाचक आणि अध्यापक,
इंदूर